खलबत
खलबत : गुप्त मसलत. ‘एकांत’ या अर्थाचा अरबी ‘खल्वत’ हा शब्द फार्सीमार्गे मराठीत येऊन त्याचे हे रूप झाले. खलबत्त्याशी त्याचा व्युत्पत्तिसंबंध नाही.

सूफी परिभाषेत खल्वत म्हणजे ईश्वरचिंतनासाठी पत्करलेला एकांतवास. नक्शबंदी पंथाने तर ‘खल्वत दर अंजुमन’, म्हणजे लोकांत वावरत असताही अंतरी एकांत, हे तत्त्व मानले. या एकांतात लपविण्यासारखे काही नव्हते. राजवाड्यात मात्र खल्वत हे राजाचे खाजगी दालन झाले आणि तेथील बोलणी फुटू नयेत, म्हणून एकांताला गुप्ततेचा अर्थ चिकटला. रायगडावरील एका तळघरास खलबतखाना म्हणतात, तो याच अर्थाने.

कंधार (जि. नांदेड), औसा व उदगीर (जि. लातूर) हे किल्ले बहमनी काळापासून फार्सी दप्तर असलेल्या राजवटींखाली होते. कंधारला किल्ल्याप्रमाणेच हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गाही आहे. तेव्हा शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे परिचित असावेत, असे मानावयास हरकत नाही. हा प्रदेश १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या राजधानीत चौमहल्ला राजवाड्यातील भव्य दरबारगृहाला ‘खिलवत मुबारक’ हे नाव आहे. एकांताचे नाव भरदरबाराला मिळाले, हे नवलच.

मराठीत हा शब्द बहुधा ‘खलबते’ असा अनेकवचनी येतो व त्यात कारस्थानाची छटा असते. मूळ अर्थ एकट्याचा. खलबत मात्र एकट्याने करता येत नाही. इंग्रजी ‘कॅबिनेट’ हा शब्दही लहान खाजगी खोलीवरून मंत्र्यांच्या मंडळापर्यंत पोहोचला. ‘मंत्री’ या शब्दातील मंत्र म्हणजे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाची गुप्त मसलतच होय.