दसऱ्याचे पायताण आणि फडाची ढोलकी

१/ कोल्हापूरच्या बोलीत चपलेला 'पायताण' म्हणतात. पावसाळाभर कोरड्या जागी जपून ठेवलेले पायताण दसऱ्याच्या सुमारास पुन्हा पायांत येते. ऐपत असेल तर नवे घेतले जाते. त्याच दसऱ्याला तमाशाचे फड गाव सोडतात आणि नव्या लावण्या मुलखात पोहोचतात. या दोन आनंदांचा ऋतू एकच का, याचा हा मागोवा. #थ्रेड

२/ पहिले कारण कातड्याच्या स्वभावात आहे. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले जाते. तळ शिवायला खिळा लागत नाही. चामड्याचीच वादी वापरतात. असे पायताण पाण्यात भिजले की फुगते आणि त्याची शिवण ढिली पडते. त्यामुळे आषाढ-श्रावणाच्या चिखलात कुणबी अनवाणीच वावरे.

३/ ढोलकी, तबला आणि हलगी यांचीही तीच गत. यांच्या तोंडावर कातडेच मढवलेले असते. हवेत दमटपणा आला की ते सैल होते आणि स्वर उतरतो. हलगीवाला वादनापूर्वी हलगी विस्तवावर शेकतो, ती याचसाठी. पायातले आणि वाद्यावरचे कातडे पावसाला सारखेच बिचकते.

४/ दुसरे कारण वाटांचे. पक्क्या सडका होण्यापूर्वी पावसाळ्यात नद्या दुथडी वाहत, गाडीवाटा बंद पडत. म्हणून तमाशाचा हंगाम दसरा ते बुद्धपौर्णिमा असा ठरून गेला. संगीत रंगभूमीची सुरुवातही पावसाळा सरल्यावरचीच: अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी रंगमंचावर आले.

५/ तिसरे कारण धान्याचे. चांभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याने वर्षभर गावाची पायताणे शिवावीत, दुरुस्त करावीत आणि सुगीत खळ्यावरून आपला वाटा न्यावा, अशी रीत होती. खरीप हाती आला की शेतकऱ्याला नव्या जोडाची मागणी करता येई आणि फडापुढे दौलतजादा करण्याइतका पैसाही खिशात असे.

६/ पण हा आनंद ज्या हातांनी घडवला, त्यांच्या वाट्याला तो कितपत आला? कातडे ढोर समाजाने कमवावे, चांभार समाजाने शिवावे, हलगी मांग समाजाने वाजवावी, अशी कामांची जातवार वाटणी होती. महार समाजातील कलावंतांनी तमाशा जोपासला. या सगळ्यांना गावाने अस्पृश्य ठरवले होते.

७/ अनेक गावांत अस्पृश्यांना सवर्णांच्या घरांसमोरून जाताना पायातल्या वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. रात्री ज्या ढोलकीपटूला शिट्ट्या आणि फेटे उडवून दाद मिळे, त्याला सकाळी त्याच गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे.

८/ ही चौकट मोडू पाहणारी माणसेही याच पट्ट्यात झाली. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी ब्राह्मण घराण्यातील असूनही तमाशात शिरले आणि पठ्ठे बापूराव म्हणून गाजले. त्यांच्या फडाची नायिका पवळा महार समाजातील होती. या जोडीने रसिकांना वेड लावले, पण बापूरावांना जातीचा रोषही पत्करावा लागला.

९/ कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी एकीकडे अल्लादिया खाँसाहेबांना राजाश्रय दिला, तर दुसरीकडे २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई करणारे हुकूम निघाले. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत महाराजांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला.

१०/ हंगामाचे चक्र आजही फिरते आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात; गावकारभारी तेथे येऊन चैत्र-वैशाखातील जत्रांसाठी सुपाऱ्या ठरवतात. बुद्धपौर्णिमेनंतर राहुट्या उठतात. मृगाचे ढग दिसू लागले की पायताणही पुन्हा माळ्यावर जाते.

११/ २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे त्यात येतात. तरीही जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तशाच घडणीच्या चपला सादर केल्या, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने या कारागिरीचा वारसा मान्य केला.

१२/ त्या वेळी आपण सर्वांनी कोल्हापूरचे नाव मागितले, ते योग्यच होते. मात्र कारागिराचे नाव गावातसुद्धा क्वचितच विचारले जाते. येत्या दसऱ्याला नवे पायताण घेताना ते कोणी शिवले आणि फडात बसल्यावर ढोलकी कोणी मढवली, एवढे तरी विचारून पाहावे.