कार्टरसाहेबांची कबुली

जॉर्जियातील प्लेन्स या चिमुकल्या गावचे भुईमुगाचे शेतकरी, रविवारच्या शाळेत बायबल शिकविणारे आणि वॉटरगेटच्या बदनामीनंतर सचोटीच्या बळावर मते मागणारे जिमी कार्टर यांनी, नग्न चित्रांसाठी ख्यात असलेल्या 'प्लेबॉय' मासिकाला दिलेल्या मुलाखतीत, आपण अनेक स्त्रियांकडे अभिलाषेने पाहिले असून मनोमन कितीदा तरी व्यभिचार केला आहे, अशी कबुली दिल्याचे १९७६ च्या सप्टेंबरात, अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक ऐन रंगात असता, जाहीर झाले आणि देशभर त्यांचे हसे झाले. वस्तुतः त्यांनी येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचाच आधार घेतला होता, आणि स्वतःच्या मनात पाप असता दुसऱ्यास तुच्छ लेखू नये, एवढाच त्यांचा अभिप्राय होता. मात्र प्रवचन कोठे करावे याचे तारतम्य सुटले, ही फिर्याद मला गैरवाजवी वाटत नाही. खुद्द कार्टर यांनीच २२ ऑक्टोबरच्या वादसभेत, यापुढे श्रद्धेविषयी बोलायचे झाल्यास दुसरे व्यासपीठ निवडू, असे सांगून टाकले. २ नोव्हेंबरला मतदारांनी २९७ विरुद्ध २४० निर्वाचक-मतांनी कौल दिला तो त्यांनाच. परंतु त्यास निव्वळ क्षमा म्हणणे भोळेपणाचे होईल, कारण दरम्यान प्रतिस्पर्धी फोर्ड यांनी पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही असे भर सभेत ठासून सांगितले होते, आणि ते विधान, जे कोणाच्या मनोविकारांविषयी नसून राज्यकारभाराविषयी होते, मागे घ्यावयास त्यांना कित्येक दिवस लागले.