जिरेनियमची एक पाकळी

स्क्रॅपबुकाच्या पानावर कागदी पाकळ्या चिकटवत फूल उभं करायचं, हे आज शाळकरी मुलंही करतात. या कलेचं कूळ शोधत मागे गेले की मी इंग्लंडातल्या ७२ वर्षांच्या एका विधवेपाशी थांबते. कागदाची फुलं तिच्या आधीही होत होती. पण खरं झाड समोर ठेवून, ते झाड ओळखू येईल इतकं नेमकं फूल कागदातून कापून संग्रहात लावायचं, हा मान मेरी डिलेनीचाच.

मेरीचा जन्म १७०० सालचा. सतराव्या वर्षी घरच्यांनी तिला साठीच्या घरातल्या माणसाशी लग्न करायला लावलं. दुसरा संसार सुखाचा झाला. १७६८मध्ये ते यजमानही गेले, तेव्हा पोर्टलंडच्या डचेसनं, तिच्या जिवलग मैत्रिणीनं, तिला बल्स्ट्रोडच्या वाड्यावर बोलावून घेतलं. तिथे १७७२ साली टेबलावरचा लाल कागद आणि जिरेनियमची पाकळी यांचा रंग तिला अगदी एकच दिसला. तिनं कात्री उचलली. डचेस आत आली आणि तिला ती पाकळी खरीच वाटली, असं सांगतात.

मग दहा वर्षं हाच ध्यास. पांढऱ्या कागदाला काळा रंग द्यायचा आणि त्यावर नखाएवढे, केसाएवढे तुकडे लावत जायचं. गडद छटेवर फिकी, तिच्यावर आणखी फिकी, अशी पाकळीची वळणं आणि पानाच्या शिरा उमटत. एका कृष्णकमळासाठी तिनं २३०हून अधिक पाकळ्या कापल्या! रंग ओघळून बिघडलेले कागद ती रंगाऱ्यांकडून मुद्दाम आणायची. त्या ओघळांतच तिला हवी ती छटा सापडायची. एखाद्या चित्रात खरं पानही चिकटवलेलं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसची वर्गवारी तेव्हा पुंकेसरांच्या संख्येवर चालायची, म्हणून तिनं तेही मोजून लावले आणि फुलाला लॅटिन नाव दिलं. तिच्या कात्रीइतकंच मला तिच्या या नजरेचं अप्रूप आहे. राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट तिच्यासाठी क्यूच्या बागेतून झाडं पाठवत.

१७८२मध्ये डोळ्यांनी साथ सोडली आणि तिनं कात्री ठेवली. तिची फुलं १८९७पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. संकल्प एक हजारांचा होता, झाली ९८५.