मराठी ख्रिस्ती उपासनेतील समूहगायन आणि टाळी

मराठी ख्रिस्ती उपासनेतील समूहगायन म्हणजे मराठीभाषक चर्चमध्ये जमलेल्या मंडळीने एकत्र गायिलेली भजने, अभंग व उपासनागीते. या गायनात टाळी ही गायकाला दिलेली दाद नसून ताल धरण्याचे साधन असते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे टाळीविषयीचे बरेच वाद उद्भवले आहेत.

पार्श्वभूमी

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी बीड जिल्ह्याला लागून असलेल्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ठाणे उभारले. आरंभीची बरीच मराठी उपासनागीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती व ती मूळ चालींवरच म्हटली जात. इंग्रजी पद्याची लय आघातावर चालते, तर मराठी पद्याची अक्षरांच्या लघुगुरुत्वावर किंवा मात्रांवर. परक्या चालीत बसवताना ऱ्हस्व अक्षर ताणले जाई, दीर्घ अक्षर आखडे आणि ओळखीचा शब्दही कानाला अनोळखी वाटे. शिवाय अशा गायनाला पुस्तक व पेटी लागे. खेड्यातील नवख्रिस्ती मंडळीत वाचता येणारे थोडे असल्याने उपासनेत गाणारे मोजके आणि ऐकणारे पुष्कळ, अशी स्थिती होई.

कीर्तन व भजन

यावरचा उपाय मराठी परंपरेतच होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर परिसरात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या ख्रिस्ती कवी-कीर्तनकारांनी देशी चालींवर पदे रचली. कीर्तनात एकाने ओळ सांगायची व सर्वांनी ध्रुपद उचलायचे असते, त्यामुळे पुस्तकाची गरज उरत नाही. टाळ-मृदंग नसले तरी हात सर्वांपाशी असतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी या प्रवाहाला काव्याचे बळ दिले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या अभंगवाणीचे ऋण ते उघडपणे मानीत. ‘उपासना संगीत’ या प्रॉटेस्टंट गीतसंग्रहात त्यांची पदे मोठ्या संख्येने आहेत.

ताल धरण्याची रीत

भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. शास्त्रीय पद्धतीने केरव्यासारख्या आठ मात्रांच्या तालात पहिल्या मात्रेवर टाळी व पाचवीवर खाली दाखवतात. मंडळी मात्र खालीचा विचार फारसा करीत नाही. दोन्ही ठिकाणी टाळी पडते आणि लय वाढली की तिचे प्रमाण दुप्पट होते. शंभर माणसांत मागच्या रांगेचा आवाज रेंगाळतो, त्याला पुढच्यांशी जोडून ठेवण्याचे काम ही टाळी करते. संथ, शोकाच्या किंवा पश्चात्तापाच्या गीतांना ती शोभत नाही, हे मंडळीला सांगावे लागत नाही.

वाद

टाळीला उपासनेत स्थान असावे की नाही, हा प्रश्न जुना आहे. स्तोत्रसंहितेतील ४७व्या स्तोत्राचा आरंभच सर्व राष्ट्रांना टाळ्या वाजवण्याचे आवाहन करून होतो. नव्या करारात गाण्याचा उपदेश आहे, पण उपासनेतील टाळीचा उल्लेख नाही. दोन्ही बाजू आपापला आधार यातूनच घेतात.

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या धर्मजागृतीत मोठ्याने एकत्र प्रार्थना, अश्रू व टाळ्या हे सारे दिसले. काही पाश्चात्त्य निरीक्षकांना हा गोंधळ वाटला. भारतीय ख्रिस्ती जनांना परक्या शिस्तीत कोंबू नये, अशी रमाबाईंची भूमिका होती.

कॅथलिक उपासना दीर्घकाळ लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकभाषेला वाव दिला आणि भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला. त्यात गायनाबरोबर शारीरिक हालचाली व मुद्राही येतात. वसईसारख्या भागांत मराठी गीतांना यानंतर मिस्सेत स्थान मिळाले. बीड जिल्हा ज्यात मोडतो तो औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये, म्हणजे या बदलानंतर, स्थापन झाला. पुढे पोप झालेले कार्डिनल योझेफ रात्झिंगर यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या उपासनाविषयक ग्रंथात मानवी कर्तबगारीला दाद म्हणून वाजवलेल्या टाळ्यांवर कठोर टीका केली. ती टीका तालाच्या टाळीला लागू पडत नाही, तरी अनेकदा दोन्ही एकाच मापाने मोजल्या जातात.

अलीकडे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, ड्रम व ध्वनिवर्धक आल्यावर तालाची जबाबदारी वादकांकडे गेली आहे. आवाज मोठा असेल तर मंडळीचे गाणे त्याखाली दबते, टाळ्या तेवढ्या चालू राहतात.