उमुओफिया आणि कुंकळ्ळी : कादंबरीला पुरावा म्हणता येतं का?

संशोधन आराखडा लिहायला बसलात की एक प्रश्न हमखास अडवतो. समजा तुमचा विषय आहे एखाद्या गावावर परकी सत्ता आल्यावर काय झालं हा. कागदपत्रं शोधली तर सगळी त्या सत्तेचीच निघतात. गावाने स्वतःबद्दल काही लिहूनच ठेवलेलं नाही. पण त्याच गावावर एक चांगली कादंबरी आहे. ती संदर्भ म्हणून वापरायची की नाही? गाईड म्हणतात, "ललित आहे, सोडा." मी मूळचा रसायनशास्त्राचा, त्यामुळे सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. आता तसं वाटत नाही. का, ते दोन कादंबऱ्या समोर ठेवून सांगतो.

पहिली चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट'. 1958 साली लंडनहून निघाली. सेट-नेटवाल्यांना नाव पाठ असतं, पुस्तक वाचलेले कमी. नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो समाजाची ही गोष्ट. या समाजात बहुतेक ठिकाणी राजा नव्हता. गावातली जाणती, मान मिळवलेली माणसं एकत्र बसून निर्णय घ्यायची. अशा उमुओफिया गावात आधी मिशनरी येतात, मग कोर्ट, मग जिल्हा कमिशनर. ओकोन्क्वो नावाचा तालेवार गडी या बदलापुढे वाकत नाही आणि शेवटी मोडतो.

दुसरी आपल्या जवळची. महाबळेश्वर सैल यांची 'तांडव'. सैल कारवारकडचे, कोकणी आणि मराठी दोन्हींत लिहिणारे. हीच कथा कोकणीत 'युग सांवार' नावाने आहे. सोळाव्या शतकातल्या गोव्यातलं आडोळशी गाव, तिथे आलेले पाद्री, धर्मांतर, फुटलेली घरं, आणि देव घेऊन नदीपार गेलेली माणसं.

आता तपासायचं कसं? प्रयोगशाळेत आपण एका नमुन्यावर विसंबत नाही. इथेही कादंबरीतला प्रसंग घ्यायचा आणि बाहेरच्या नोंदीशी ताडून बघायचा.

अचेबेंच्या कादंबरीत अबामे नावाच्या गावात एक गोरा माणूस सायकलवरून येतो. लोक त्याला मारतात आणि सायकल झाडाला बांधून ठेवतात. काही काळाने बाजाराच्या दिवशी सैन्य गावाला घेरून गोळ्या घालतं. वाचताना हे कल्पित वाटतं. पण 1905 साली अहियारा भागात वाट चुकलेला स्ट्यूअर्ट नावाचा ब्रिटिश डॉक्टर मारला गेला होता, तोही सायकलवर होता, आणि त्यानंतर ब्रिटिशांनी त्या मुलखात दंडात्मक मोहीम काढली. अभ्यासकांनी हा धागा जोडून दाखवलेला आहे. सरकारी कागदात डॉक्टरचं नाव आहे. बाजारात मेलेल्यांकडे बघायला आपल्याला कादंबरीच लागते.

आता गोव्याकडे या. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी वाचणाऱ्या आपल्या मुलांना उमुओफिया माहीत असतं पण कुंकळ्ळी माहीत नसते, हे काही बरोबर नाही.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा बेट घेतलं. साष्टी आणि बारदेश 1543 मध्ये त्यांच्याकडे आले. गावं तेव्हा गावकरी पद्धतीने चालायची. जमीन गावाची सामाईक, आणि निर्णय गावकर मंडळींचा. ही पद्धत पोर्तुगीजांनीच 1526 च्या सनदेत लिहून घेतली होती, कशासाठी तर महसुलासाठी. 1567 मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. ही नवी ठिकाणं जुवारीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत. देवाला आसरा मिळाला तो सुलतानाच्या मुलखात. हे वाक्य आराखड्यात लिहिलंत तर व्हायव्हाला प्रश्न येणार, तयारी ठेवा.

जुलै 1583 मध्ये पाच जेझुइट चर्चसाठी जागा बघायला कुंकळ्ळीला गेले आणि गावकऱ्यांनी त्यांना ठार मारलं. त्यांच्यातले रुडॉल्फ अॅक्वाव्हिवा त्याच साली अकबराच्या दरबारातून परतले होते. तारीख काही पुस्तकांत 15 जुलै सापडेल, काहींत 25. चूक समजून खोडू नका. जुनं आणि नवं कॅलेंडर यांतलं ते दहा दिवसांचं अंतर आहे.

यानंतर कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकरांना बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावलं आणि तिथे त्यांची कत्तल केली. सोळा जण गेले, एकटा नदीत उडी टाकून वाचला, असं परंपरेने सांगतात.

आता अचेबेंच्या कादंबरीचा शेवटचा भाग उघडा. गावाने चर्च जाळलेलं आहे. कमिशनर सहा पुढाऱ्यांना बोलायला बोलावतो. ते जातात. आत गेल्यावर बेड्या, डोकी भादरणं, मार, आणि कवड्यांच्या दोनशे पिशव्यांचा दंड. कोर्टाचे शिपाई मधल्यामध्ये त्या अडीचशे करतात! हा शिपाई आपल्या तहसीलमध्ये भेटलेला आहे असं वाटलं ना?

असोळणं आणि उमुओफिया यांत तीनशेहून जास्त वर्षं आणि अर्धी पृथ्वी आहे. अचेबेंनी कुंकळ्ळीवरून प्रसंग उचलला असं म्हणायला काहीही आधार नाही, आणि तसं लिहिलंत तर प्रबंध तिथेच पडेल. म्हणता येतं ते वेगळं. जिथे राजा नसतो तिथे कुणाला हरवायचं हे सत्तेला कळत नाही. मग ती बोलणीच्या निमित्ताने आधी 'पुढारी' एका खोलीत गोळा करते. हे गृहीतक झालं. आणखी दोनचार गावांवर ते तपासता येतं, खोटंही ठरू शकतं. कादंबरीने दिलेलं गृहीतक इतिहासात तपासायचं, कादंबरी वापरण्याचा माझा तरी मार्ग हाच.

पण दोन्ही कादंबऱ्यांना एकाच मापाने मोजू नका. अचेबेंचा जन्म 1930 चा, वडील स्वतः धर्मांतरित आणि चर्चचे शिक्षक. जुनं जग पाहिलेली म्हातारी माणसं त्यांच्या आसपास होती. सैल लिहितात ते चारशे वर्षांपलीकडचं. गोव्यातलं इन्क्विझिशन 1560 ला सुरू झालं, मधली काही वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं, आणि त्याचे बहुतेक कागद नंतर नष्ट केले गेले. अ. का. प्रियोळकरांना 1961 चा आपला इंग्रजी ग्रंथ प्रवाशांची वर्णनं, हुकूमनामे असं जमेल तिथून गोळा करून उभारावा लागला. म्हणून 'तांडव'मधल्या घरातल्या संवादाला पुरावा म्हणू नका. कागद जाळलेल्या ठिकाणी काय असू शकेल याचा तो एका जाणत्या लेखकाचा अंदाज आहे.

आणखी एक. दोन्हीकडे 'आपलं गाव सोन्यासारखं होतं, परक्यांनी नासवलं' एवढंच वाचून थांबणारे खूप भेटतात. अचेबे तसं लिहीत नाहीत. जुळी मुलं जंगलात टाकणारा समाज त्यांनी लपवलेला नाही. चर्चमध्ये लवकर जाणाऱ्यांत ओसू आहेत, म्हणजे गावाने वेगळे ठेवलेले, केस कापायलाही मनाई असलेले लोक. हे पान मराठवाड्यात बसून वाचताना गावकुसाबाहेरचा वाडा आठवला नाही तर वाचन कमी पडलं. गोव्याबद्दलही विचारा, गावकरी पद्धतीत बसायला जागा कुणाला होती आणि कुणाला नव्हती? आणि समोरच्या बाजूलाही एकच रंग नाही. साष्टीतच काम केलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत सुमारे 11 हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं, 1616 मध्ये ते छापलं गेलं. गाव समजून घेऊन गाव बदलणारा माणूस अचेबेंकडेही आहे, मिस्टर ब्राउन.

कुंकळ्ळीने स्वतःचा कागद ठेवला नाही म्हणालो, पण ते पूर्ण खरं नाही. शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आता फातर्प्याला आहे. दरवर्षी तिची मिरवणूक छत्र्या नाचवत जुन्या गावी कुंकळ्ळीला येते. छत्र्या बारा, बारा वांगडांच्या म्हणजे कुळांच्या. गावकरांची यादीच ती, रस्त्यावरून चालत येणारी.

आपल्या बिलोलीकडे बघा. इथे कमिशनर नव्हता, निजाम होता. दफ्तर उर्दू-फारसीत, घरात मराठी नाहीतर तेलुगू, आणि 1948 चा सप्टेंबर अजून काही घरांत हळू आवाजात सांगितला जातो. यावर आराखडा करायचा असेल तर गॅझेटियरमधलं आपल्या तालुक्याचं पान आधी काढा. मग गावच्या जत्रेत पालखीचा मान कुणाचा, कोणत्या क्रमाने, आणि तो क्रम कधी बदलला, हे चारपाच म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र बसवलंत तर सगळ्यात मोठ्या आवाजाचंच उत्तर वहीत येईल.