अडथळ्यावाचून अडलेले आतडे

मी इतिहासाचा मास्तर. वैद्यकावर बोलायचा माझा अधिकार नाही. पण चुकलेल्या उपपत्तीला माणसाचे नाव कसे चिकटून राहते, हा आमच्याच दुकानातला माल आहे.

आमच्या नात्यातल्या एका मुलीचे सीझेरियन झाले. दुसऱ्या दिवशी पोट फुगले. आत्याबाई म्हणाल्या, ‘वायू धरलाय, ओवा द्या.’ बहुतेक वेळा हे खरेही असते. ऑपरेशननंतर आतडी थोडी मंदावतातच. पण क्वचित पोट नगाऱ्यासारखे ताणत जाते, आणि तपासावे तर मोठ्या आतड्यात ना पीळ, ना गाठ. काहींना वारासुद्धा सरतो, म्हणून सगळेच फसतात.

या दुखण्याला ऑगिल्वी यांचे नाव आहे. सर हेनेज ऑगिल्वी हे लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातले शल्यविशारद. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेतल्या आघाडीवर पोटाच्या जखमांचा त्यांनी भरपूर अनुभव घेतला होता. 1948 साली त्यांनी दोन रुग्णांची हकीकत छापली. अडथळा समजून पोट उघडले, तर आतडे मोकळे! मात्र मागच्या बाजूला, मज्जातंतूंच्या जाळ्यापाशी, कर्करोग पसरलेला. त्यांनी ताडले, की अनुकंपी तंतू निकामी झाले, विरोधी परानुकंपी तंतूंना लगाम उरला नाही, आणि आतडे आवळून बसले. म्हणजे पाहा, रुग्ण कर्करोगाचे, बाळंतपणाचा संबंधच नाही. सीझेरियनशी या दुखण्याची सांगड पुढच्या डॉक्टरांनी घातली.

यातला खरा धोका फुटण्याचा. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाचा नियम असा, की आतला दाब तोच असला तरी नळी जितकी रुंद तितका भिंतीवर ताण जास्त. मोठ्या आतड्याची उजवीकडची सुरुवातीची पिशवी सर्वांत रुंद, म्हणून तीच आधी फाटते. साध्या एक्स-रेवर तिची रुंदी 12 सेंटिमीटरच्या पुढे गेली, की डॉक्टर अस्वस्थ होतात.

आणि उपचार? आधी उपास, नाकातून नळी, सलाईन. त्याने भागले नाही तर निओस्टिग्मिन. 1999 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 21 रुग्णांवर त्याची परीक्षा घेतली. औषध मिळालेल्या 11 पैकी 10 जणांचे पोट लगेच उतरले. नुसते पाणी टोचलेल्या 10 पैकी एकाचेही नाही. नाडी एकदम मंदावू शकते, म्हणून ते यंत्राच्या पहाऱ्यातच देतात. आता गंमत अशी, की हे औषध परानुकंपी तंतूंचाच जोर वाढवते! ऑगिल्वींचे म्हणणे बरोबर असते, तर रोगी बरा होण्याऐवजी बिघडायला हवा होता. उपपत्ती उलटली, नाव मात्र राहिले.

त्या मुलीच्या पोटाचा घेर एक नर्स सकाळ-संध्याकाळ टेपने मोजत होती. आकडा वाढला तेव्हा तिनेच डॉक्टरांना उठवले. एक्स-रे निघाला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. ओव्याची पुडी उशाशी तशीच होती.