जाळी, ज्योत आणि वाहती हवा

राहुरीत बसून बोटीच्या इंजिनावर लिहायचं म्हणजे जरा विचित्रच. इथे मुळा धरणाचं पाणी आहे, समुद्र नाही. पण गोबरगॅसच्या नळीत बसवतात ती तारेची जाळी आणि सुपरचार्जर लावलेल्या पेट्रोल बोटीच्या इंजिनावरचा फ्लेम अरेस्टर, म्हणजे ज्योत अडवणारी जाळी, या दोन्हींचं मूळ एकच आहे. त्या मुळाचा इतिहास संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी एकदा तरी वाचावा.

25 मे 1812 रोजी इंग्लंडमधल्या फेलिंगच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि 92 जण गेले. त्यांत लहान मुलंही होती. खाणीत मिथेन साचायचा आणि उजेडाला उघडी ज्योत. 1815 मध्ये हंफ्री डेव्हीने या प्रश्नावर काम केलं आणि दिव्याच्या ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. इंचाला साधारण 28 तारा. जाळीतून हवा आणि वायू आत-बाहेर जातात, पण ज्योत जाऊ लागली की धातू तिची उष्णता ओढून घेतो. ती थंड होते आणि पलीकडचा वायू पेटत नाही. अरेस्टरचं तत्त्व एवढंच!

हाच मिथेन गोबरगॅसमध्ये असतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात 1897 मध्ये मैल्यापासून मिळालेल्या वायूवर दिवे लावले होते आणि 1907 मध्ये त्याच वायूवर इंजिन चालवलं होतं. इंजिनाकडून किंवा शेगडीकडून ज्योत उलटी नळीत शिरली तर ती गॅसच्या साठ्याकडे जाऊ नये, म्हणून वाटेत जाळी हवी.

मग डेव्हीच्या दिव्याने खाणी सुरक्षित झाल्या का? नाही. दिवा आला म्हणून पूर्वी धोक्याच्या मानलेल्या भागांतही खोदकाम सुरू झालं. पुढे वायू बाहेर काढायला मोठे पंखे आले आणि बोगद्यांतली हवा जोरात वाहू लागली. वाहती हवा ज्योतीला जाळीवर दाबून धरते. जाळी तापून लाल होते, मग तिला उष्णता ओढून घेता येत नाही आणि ज्योत पार होते. सुरक्षिततेसाठी वाढवलेल्या हवेनेच सुरक्षेचा दिवा निकामी केला. जोरदार प्रवाहात धोका आहे हे डेव्हीलाही ठाऊक होतं. तरी वाहत्या हवेत दिव्यांची पद्धतशीर तपासणी करून उघड्या जाळीचे दिवे असुरक्षित ठरवायला ब्रिटनमधल्या शाही आयोगाचा (रॉयल कमिशन) 1886 चा अहवाल यावा लागला. म्हणजे सत्तर वर्षं गेली.

आता बोट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते. इंजिनाने उलटा भडका मारला आणि ज्योत हवेच्या तोंडातून बाहेर आली की बोट पेटलीच. म्हणून अमेरिकेत 1940 च्या मोटरबोट कायद्याने बोटीच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनांच्या कार्ब्युरेटरवर ज्योत अडवणारं साधन सक्तीचं केलं. आपल्या कोकणातल्या डिझेल ट्रॉलरच्या हवेच्या तोंडावर ते लागत नाही, कारण तिथून फक्त हवा जाते, इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं.

सुपरचार्जर लावला की जुना पेच परत येतो. इंजिन खूप जास्त हवा ओढतं. जाळीतला दाबाचा तोटा वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो, म्हणजे हवा दुप्पट झाली तर तोटा जवळपास चौपट. शिवाय जाळीवर तेलकट धूळ बसते. ताकद कमी झाली की माणसाला मोह होतो: जाळी काढून टाकू, किंवा मोटारीचा साधा फिल्टर बसवू. आणि कार्ब्युरेटर सुपरचार्जरच्या आधी असेल तर आतल्या सगळ्या पोकळीत पेटणारं मिश्रण भरलेलं असतं, त्यामुळे भडकाही मोठा. योग्य उत्तर म्हणजे छिद्रं मोठी न करता जाळीचं क्षेत्रफळ वाढवणं आणि ती वेळोवेळी धुणं. क्षेत्रफळ दुप्पट केलं की तेवढ्याच हवेला वेग निम्मा लागतो आणि तोटा पाव होतो. छिद्रं बारीकच राहिल्याने ज्योतही अडते.

आपण प्रबंधात लिहितो, ‘उपकरण सुरक्षित आढळले.’ कुठल्या परिस्थितीत, हे लिहायचं राहून जातं. डेव्हीचा निष्कर्ष चुकीचा नव्हता. तो जवळजवळ स्थिर हवेतला होता आणि खाणीतली हवा बदलली होती. म्हणून तुमच्या निष्कर्षाखाली त्याच्या अटी लिहा, आणि त्यांतली एखादी अट बदलली तर काय होईल, तेही स्वतः तपासून बघा. ते काम पुढच्या आयोगावर सोडू नका.